पहिली माउंटन बाइक मोडीतली होती

१/ जुनी माउंटन बाइक स्वस्तात घेऊन स्वतः दुरुस्त करायची, तर पहिल्या वेळी कोणती निवडावी? या प्रश्नाचे उत्तर त्या सायकलच्या इतिहासातच दडलेले आहे.

२/ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीतले तरुण १९३०-४० च्या काळातील श्विनसारख्या जाड टायरच्या सायकली मोडीच्या भावात मिळवत. मडगार्ड व शोभेचे भाग काढून ते त्या डोंगरउतारावर पळवत. या खटाऱ्यांना ते ‘क्लंकर’ म्हणत.

३/ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे एक शर्यत सुरू झाली. तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर उतार! मागच्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस तापून जळे आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव पडले ‘रीपॅक’.

४/ जुने सांगाडे हा मार सोसेनात. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या उतारांसाठी क्रोमोली पोलादाचा नवा सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची यांचे सांगाडे वापरून अशा सायकली विकायला आरंभ केला. १९८१ मध्ये स्पेशलाइझ्डची स्टम्पजम्पर जपानी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली.

५/ १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला आणि सायकल-उत्पादनाचा ओघ तैवानकडे वळला. दशकाच्या अखेरीस मध्यम किमतीच्या क्रोमोली सायकली बाजारात उदंड झाल्या. संग्राहक नामांकित सांगाड्यांमागे धावतात. या साध्या सायकली मात्र आजही तुलनेने स्वस्त मिळतात. पहिल्या प्रयत्नासाठी त्याच योग्य.

६/ पुढचा फोर्क साधा, पोलादीच असावा. १९९० नंतर पसरलेल्या सस्पेन्शन फोर्कमधील रबरी भाग कालांतराने निकामी होतात आणि त्यांचे सुटे भाग दुर्मीळ असतात. १९८६-८८ च्या सुमारास काही सायकलींना मागे, पेडलजवळ खाली बसवलेला यू-ब्रेक असे. तो चिखलाने भरतो. कँटिलिव्हर ब्रेक सोपा.

७/ पैसे देण्यापूर्वी सीटचा दांडा व हँडलचा स्टेम हलतो का, ते पाहावे. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे राहिला की गंजून घट्ट धरतो. हँडलखालच्या नळीमागे रंगाला सुरकुती वा नळीला फुगवटा दिसला, तर सायकल समोरून आदळलेली असू शकते, ती सोडावी. वरवरचा गंज निघतो. नुसत्या सांगाड्यापेक्षा पूर्ण सायकल घ्यावी. सुटे भाग एकेक जमवताना खर्च सांगाड्याच्या किमतीपलीकडे जातो.

८/ काळ ओळखण्याची एक खूण: शिमानोच्या तत्कालीन भागांवर दोन रोमन अक्षरे असतात. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘ए’ म्हणजे १९७६. म्हणून ‘के-सी’ म्हणजे मार्च १९८६. सर्व भागांवरच्या तारखा जवळपासच्या असतील, तर सायकल बहुधा मूळ रूपात आहे.

९/ क्लंकरवाल्यांनी मोडीतल्या सायकलींना नवे आयुष्य दिले, पण त्यांचे मूळ रूप कायमचे पुसले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता; आज तो आहे. मूळ रंग आणि स्टिकर हे कारखान्याचे व काळाचे दस्तऐवज आहेत. एकदा खरवडले की परत मिळत नाहीत. म्हणून आधी धुणे, ग्रीस, नव्या केबल आणि टायर. रंगाचा विचार सर्वांत शेवटी.