न दिसणाऱ्या रोग्याची परीक्षा



दवाखान्यात डॉक्टरांनी "कळलं ना?" असे विचारले की आपण मान डोलावतो. बाहेर आल्यावर मात्र कंपाउंडरला हळूच विचारतो, "ही पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर?" वाचता येणे निराळे आणि आरोग्याचे उमजणे निराळे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के भरली. पण ही दुसरी साक्षरता मोजायची कशी, आणि तीही दूर बसून?

या प्रश्नाचा एक जुना धागा आपल्याच जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरूडला येऊन मिळतो. त्या गावच्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. जे घरी बोलायची चोरी, ते वाचक त्यांना पत्राने विचारीत. उत्तरे छापली म्हणून १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. पण १९५३ साली देह ठेवीपर्यंत रघुनाथरावांनी मासिक सोडले नाही. त्यांनी कुणाला गुण दिले नाहीत. तरी लोकांना काय ठाऊक नाही, हे त्या पत्रांनी उघड केले. समोरासमोर तोंड उघडत नाही, ते दुरून उघडते.

मोजमाप पुढे आले. अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात रोग्याकडून ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचून घेण्याची चाचणी निघाली. पण उच्चार शुद्ध म्हणजे अर्थ कळला, असे थोडेच आहे? पाठांतर करणारी मुले शिक्षकांना ठाऊक आहेतच! २००६ साली कॅनडात आठ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली: इंटरनेटवर आरोग्याची माहिती शोधता येते का, खरी-खोटी पारखता येते का? ती फोनवरूनही भरता येते. पण तिथे माणूस स्वतःच स्वतःला गुण देतो.

आता 'ई-संजीवनी'मुळे डॉक्टर पडद्यावर भेटतात. अशा वेळी एखाद्या वाडीतल्या आजीला प्रश्नावली पाठवली, आणि फोन नातवाच्या हातात असला, तर मोजले गेले ते कुणाचे ज्ञान? आजीला कमी गुण पडले, तर ते अज्ञान आरोग्याचे की यंत्राचे? हा फरक केला नाही, तर ज्याला मदत हवी तोच आकड्यांतून निसटतो.

म्हणून एक साधी रीत सांगतो. "कळलं ना?" असे विचारू नका. "आजी, घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, ते सुनेला सांगताय असं समजून मला सांगा," असे म्हणा. हे फोनवरूनही जमते. शिक्षकांनी वर्गात याचा सराव घ्यावा; मुले घरच्या औषधांची चिठ्ठी वाचू लागतील. आणि आजी चुकल्याच, तर नापास आजी नव्हेत. नापास समजावून सांगणारा!