त्यांच्यातला तिसरा

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यातली बरीचशी दिवाळी अंकांची. त्यामुळे लेखकांवरचा सिनेमा पाहताना माझं लक्ष भलतीकडेच जातं. लेखिका जॉर्ज सँड आणि कवी आल्फ्रेद द म्यूसे यांच्या प्रेमावरचा, दिआन क्युरीस या दिग्दर्शिकेचा 'ले आंफां द्यू सिएक्ल' (१९९९) पाहताना शेजारच्या बायका ज्युलिएत बिनोशचा चेहरा आणि क्रिस्तियान लाक्र्वाने केलेले पोशाख डोळे भरून पाहत होत्या. मी मात्र मनात हिशेब मांडत होते. नायक आजारी, नायिका परगावी, हॉटेल महागडं. मग बिल कोण भरतंय?

बिल भरत होती तिची लेखणी. जॉर्ज सँड हे टोपणनाव; मूळची ती ओरोर द्युपँ. नवऱ्याशी पटेना, पण फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोटच बंद झालेला आणि बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती. वडिलोपार्जित वाडा तिचा, तरी १८३१ मध्ये पॅरिसला राहायला आली ती नवऱ्याकडून वर्षाला ३००० फ्रँक ठरवून घेऊन. त्यात भागणार कसं? पुढच्याच वर्षी 'इंडियाना' कादंबरी गाजली, आणि 'रेव्ह्यू दे द्यू मोंद' या नियतकालिकाचे संपादक फ्रांस्वा ब्यूलोझ यांनी तिच्याशी करार केला: वर्षाला ४००० फ्रँक, बदल्यात दर सहा आठवड्यांनी ३२ पानं मजकूर.

या प्रेमकथेतला तिसरा माणूस म्हणजे लोक व्हेनिसचा डॉक्टर समजतात. मला विचाराल तर तो ब्यूलोझ.

सँड आणि कवी आल्फ्रेद द म्यूसे भेटले जून १८३३ मध्ये, तेही याच नियतकालिकाच्या लेखकांच्या जेवणाला. ती एकोणतिशीला टेकलेली, तो बावीस वर्षांचा. डिसेंबरात दोघं इटलीला निघाली. व्हेनिसला पोचतात तोच ती तापाने पडली. ती उठली आणि फेब्रुवारीत त्याने अंथरूण धरलं. ताप डोक्यात चढून तो बरळू लागला. पिएत्रो पाजेल्लो नावाच्या तरुण डॉक्टरला बोलावलं, आणि रोग्याच्या उशाशी रात्री जागवता जागवता सँडचा जीव त्या डॉक्टरवर जडला. मार्चअखेरीस म्यूसे तिला सोडून परत गेला.

एवढ्या उलथापालथीत तिचा रात्रीचा लिहिण्याचा नेम सुटला नाही. म्यूसे गेल्यावर उन्हाळ्यापर्यंत ती व्हेनिसलाच राहिली, 'जाक' कादंबरी तिथेच लिहिली. तिच्या प्रवासपत्रांतलं पहिलं पत्र १५ मे १८३४ च्या अंकात आलं. पत्र एका कवीला उद्देशून. तो कवी कोण, हे पॅरिसच्या वाचकांना सांगावं लागलं नसेल.

या दोघांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी देवघेव मात्र अश्रूंची नाही, हस्तलिखिताची आहे. फ्लॉरेन्समधल्या १५३७ च्या एका कटावर सँडने नाट्यप्रवेश लिहून ठेवले होते. ते तिने म्यूसेला दिले, आणि त्यातून 'लोरेंझाच्चो' हे त्याचं थोर नाटक उभं राहिलं. आपलं कच्चं बाड दुसऱ्याच्या हवाली करणारा लेखक मला चाळीस वर्षांत भेटला नाही.

१८३५ च्या मार्चमध्ये दोघं कायमची वेगळी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये म्यूसेची 'मे महिन्यातली रात्र' ही कविता छापून आली, आणि १८३६ मध्ये 'शतकपुत्राची कैफियत' ही कादंबरी. तो १८५७ मध्ये गेला. दोन वर्षांनी सँडने 'ती आणि तो' लिहून आपली बाजू मांडली. म्यूसेच्या भावाने, पॉलने, त्याच वर्षी नुसती सर्वनामं उलटी करून 'तो आणि ती' छापलं, आणि पॅरिसला भांडणाची फुकट मेजवानी मिळाली.

आता छापखान्यातल्या बाईच्या नजरेने एक गोष्ट पाहा. सँडचं व्हेनिसहून आलेलं पत्र, म्यूसेची मे महिन्यातली रात्र आणि पंचवीस वर्षांनंतरचं 'ती आणि तो' ही तिन्ही प्रथम छापली ब्यूलोझनेच. प्रेम, विरह आणि उणीदुणी, सगळं एकाच टेबलावरून गेलं. १८२९ मध्ये सुरू झालेलं ते नियतकालिक आजही निघतं.