पाच रिव्हेट : ब्रेकची मूळ चकती आणि बदली चकती

इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटारगाडीचा ब्रेक, आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणजे दोन्हीकडून गैरसोय. पण तासाभरासाठी विषय अगदी लहान घेतला आहे. जेवणाच्या ताटाएवढी, बिडाची ओतलेली एक चकती. अमेरिकेत तिला रोटर म्हणतात, आपल्याकडचे मेकॅनिक डिस्क म्हणतात, मी चकती म्हणेन. प्रश्न असा की साठ वर्षांच्या एखाद्या गाडीवरची ही चकती कारखान्यातून तिच्याबरोबर आलेली आहे की नंतर कोणी बदलली आहे, हे कसं ओळखायचं? आणि ओळखल्यावर त्या ओळखीचं करायचं काय? पहिला प्रश्न लोखंडाचा आहे. दुसरा लोखंडाचा नाही, म्हणून मी इथे उभा आहे.

उदाहरण एकच घेऊ, शेव्हरोलेची कॉर्व्हेट. फायबरग्लासच्या बॉडीची, दोन माणसांची ही गाडी. १९६३ला तिचं स्टिंग रे हे रूप आलं तेव्हा तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६५ला चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. ज्यांना नव्या गोष्टीचा भरवसा नव्हता त्यांना त्या वर्षी पैसे वजा करून जुने ड्रम घेण्याची सोय होती, आणि ती ३१६ गिऱ्हाइकांनी घेतली. आज त्या गाड्या दुर्मीळ म्हणून जास्त भाव खातात, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा.

डिस्क ब्रेक तेव्हा नवा मुळीच नव्हता. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. कल्पना सोपी. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची. पण चिमटीत धरायला योग्य पदार्थ नव्हता आणि धातूवर धातू घासला की कर्कश आवाज व्हायचा. मग अर्धशतक ड्रमचंच राज्य राहिलं. ड्रमची अडचण अशी की तो तापला की फुगतो, म्हणजे आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो, आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसते. उतारावर चारदा ब्रेक मारला की पाचव्यांदा पाय नुसता खाली जातो. चकती उघड्या हवेत असते, आणि तापून जाड झाली तरी चिमट्याच्या दिशेनेच होते. डनलॉपने हे तंत्र विमानांच्या चाकांवर वापरलं होतं. जॅग्वारने ते सी-टाइप गाडीवर बसवलं आणि १९५३ची ल मां शर्यत जिंकली. चोवीस तासांची सरासरी तिथे पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेली. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की वेगाने जायला इंजिनाइतकाच थांबण्याचा भरवसा लागतो. १९५५ला सिट्रोएनने डीएस या घरगुती गाडीला पुढच्या बाजूला चकत्या दिल्या. कॉर्व्हेट त्यानंतर दहा वर्षांनी आली.

आता चकतीकडे या. व्यास पावणेबारा इंच, जाडी सव्वा इंच. दोन पत्रांच्या मध्ये पोकळी, तिच्यात हवा खेळवणारी पाती. ही चकती हबवर बसते. इथे कारखान्याने एक गोष्ट केली, तिच्यावर आजचं सगळं व्याख्यान उभं आहे. चकती हबवर पाच रिव्हेट मारून कायमची जोडली, पुढे हबला आणि मागे स्पिंडलला, आणि जोडल्यानंतर ती जोडी एकत्र लेथवर चढवून चकतीचे दोन्ही पृष्ठभाग सरळ केले. चकती वेगळी, हब वेगळा असा हिशेब नाही. लग्न लावून मग वाढलेलं ताट.

हा उपद्व्याप कशासाठी? चाकाचे नट आवळले की चाकच चकतीला हबवर दाबून धरतं, रस्त्यावर रिव्हेटचं काम काहीच नाही. कारण होतं चिमट्यात, म्हणजे कॅलिपरमध्ये. या गाडीचा प्रत्येक कॅलिपर घट्ट बसवलेला, त्यात चार पिस्टन, चार चाकांचे मिळून सोळा. पिस्टनभोवतीच्या रबरी सीलना पातळ ओठ होते. चकती फिरताना केसभर जरी डावी-उजवीकडे डोलली, तरी ती पिस्टनना आतबाहेर ढकलत राहते, आणि ते ओठ थोडी थोडी हवा आत ओढतात. ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली की पेडल स्पंजासारखं मऊ होतं. थेंबभर ऑइल बाहेर गळलेलं दिसत नाही आणि ब्रेक मात्र जातो. डोलणं किती चालतं? इंचाचे दोन-चार हजारांश. एवढी सरळ रेषा मिळवायची तर चकती आणि हब एकत्रच कातायला हवेत. रिव्हेट ही त्या अचूकतेची गाठ होती. कॉर्व्हेटवर हीच मूळ रचना १९८२पर्यंत चालली.

म्हणून आज जुनी कॉर्व्हेट पाहायला गेलेला जाणकार चाक उतरवतो आणि पहिल्यांदा रिव्हेटची पाच डोकी शोधतो. शाबूत असतील तर प्रथमदर्शनी समजायचं की ही जोडी कारखान्यातली. नसतील, नुसती रिकामी भोकं असतील, तर कोणीतरी ड्रिलने रिव्हेट उडवले आहेत.

पण थांबा. रिव्हेट उडवले म्हणजे चकती बदलली असं होत नाही. मागच्या चकतीच्या पोटात हँडब्रेकचा छोटा ड्रम आणि त्याचे शू आहेत. ते नीट करायचे तर चकती काढावी लागते, आणि रिव्हेट उडवल्याशिवाय ती निघत नाही. शहाणा मेकॅनिक आधी खडूने किंवा पंचने खूण करतो आणि तीच चकती त्याच जागी परत बसवतो. मग चकती मूळची, जोड मात्र मोडलेला. याला मूळ म्हणायचं की नाही? तुम्ही विचार करा, मी पुढे जातो.

उलट बाजूही आहे. रिव्हेट आहेत म्हणजे चकती मूळ, हेही खरं नाही. नवी चकती जुन्या हबला नव्याने रिव्हेट करून, लेथवर सरळ करून देणारे कारागीर अमेरिकेत आहेत. त्यांचं काम चांगलं असतं, कारण डोलण्याचा रोग त्यानेच बरा होतो. पण साक्षीदार म्हणून रिव्हेट एकटा पुरत नाही. एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा नियम ताम्रपटालाही लागतो आणि चकतीलाही.

मग दुसरे साक्षीदार आणा. सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे जाडी. नवी चकती १.२५० इंच, आणि १.२१५च्या खाली गेली की टाकून द्यायची. मधलं अंतर ३५ हजारांश, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी. समजा मीटर ऐंशी हजार मैल दाखवतो आहे आणि विकणारा सांगतो आहे की चकत्या मूळच्या. मायक्रोमीटर लावला तर चारही ठिकाणी भरून १.२५०. मग तिघांपैकी कोणीतरी खोटं बोलतो आहे : मीटर, मालक किंवा चकती. चकतीला खोटं बोलण्याचं कारण नसतं. वापरलेल्या चकतीच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाही तिथे, एक उंचवटा राहतो. बोटाने चाचपला तरी कळतो. तो नसेल तर चकती नवी आहे किंवा नुकतीच कातलेली आहे. मग ओतकाम पाहायचं. साच्याची रेघ, पात्यांचा आकार, चारही चकत्यांचं एकमेकींशी साम्य. तीन सारख्या आणि चौथी वेगळी असेल तर त्या चौथीची हकीकत विचारा. आणि कडेला परक्या देशाचं नाव ओतलेलं सापडलं तर प्रश्नच मिटला. अमेरिकेत आयात मालावर उत्पादनाच्या देशाचं नाव असावं लागतं, आणि ही गाडी त्या काळात सेंट लुईसच्या कारखान्यात बनत होती.

हे सगळं करून हाती काय येतं? इथे शब्द जपून वापरायला हवेत. मूळ म्हणजे त्याच दिवशी त्याच गाडीवर चढलेली. मूळबरहुकूम म्हणजे तशीच, त्याच प्रकारची, पण दुसरी. बदली म्हणजे काम करणारी, बाकी काही दावा न करणारी. बाजारात या तिन्हींना सर्रास ओरिजिनल म्हणतात, आणि तिथूनच भांडणं सुरू होतात. कॉर्व्हेट जतन करणाऱ्यांची नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही संस्था १९७४ची. तिच्या परीक्षणाचा निकष, गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी आहे का, असा आहे. त्यात अस्सलपणाचे गुण वेगळे आणि स्थितीचे गुण वेगळे. मला ही विभागणी फार आवडते. नाकासमोर चालणारी आहे, आणि आपल्या बोलण्यातला घोळ तिने बरोबर पकडला आहे.

या घोळावर लंडनच्या हायकोर्टात १९९० साली खटलाच चालला. गाडी बेंटले, नाव ओल्ड नंबर वन, १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मांची विजेती. १९३२ला ब्रुकलँड्सवर तिला अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, गाडी पुन्हा बांधली गेली. पुढे ती एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडी नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी भागांची मोजदाद केली. १९३०च्या गाडीतले उरलेले म्हणजे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब. १९३२च्या गाडीचं बरंच काही उरलं होतं, त्यात मागचे ब्रेकही होते. निकाल असा की हिला मूळ गाडी म्हणता येणार नाही, पण ओल्ड नंबर वन हीच. कारण भाग बदलत गेले तरी धागा तुटला नाही आणि त्या नावावर दावा सांगणारी दुसरी गाडी नाही. थीसियसच्या जहाजावर प्लुटार्कपासून हॉब्जपर्यंत लिहिलं गेलं, नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचे भाग एकेक करून विचारले. पण कराराचे पैसे द्यायचे की नाही हे त्यांच्यापैकी कोणाला ठरवावं लागलं नव्हतं.

माझं मत सांगतो. गाडीचा रंग, आसनाचं कातडं, काच, हे भाग टिकण्यासाठी केलेले असतात. ते मूळचे राहिले तर आनंद आहे. ब्रेकची चकती झिजण्यासाठीच केलेली आहे. प्रत्येक वेळी गाडी थांबते तेव्हा तिचा कण जातो, म्हणूनच गाडी थांबते. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, फुटकी कौलं काढून नवी घालतात, आणि कोणी म्हणत नाही की घर बदललं. चकती हे कौल आहे. १.२१५च्या खाली गेलेली चकती केवळ मूळची म्हणून गाडीवर ठेवणं म्हणजे गळकं कौल वारसा म्हणून जपणं, आणि इथे गळतीखाली माणसं बसलेली असतात. तीही फक्त त्या गाडीतली नव्हेत, समोरून रस्ता ओलांडणारी सुद्धा.

पण याच्या उलट टोकालाही मी जाणार नाही. काढलेली चकती भंगारात देऊ नका. ती कशी जोडली होती, कशी कातली होती, हे सांगणारा कागद कदाचित उरणार नाही, चकती उरेल. तिच्यावर चाकाची बाजू, तारीख, मीटरचा आकडा लिहा, तेल पुसून गुंडाळून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा गाडीबरोबर द्या. नवी चकती रिव्हेट करून घेतली असेल तर बिलावर तसं लिहून घ्या. नवे रिव्हेट मारणं ही लबाडी नाही. ते कारखान्यातले आहेत असं समोरच्याला समजू देणं ही लबाडी आहे, मग तोंडाने एक शब्दही न बोलता का असेना.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : रिव्हेट न मारता नवी चकती नुसती बसवली तर चालते का? चालते, नट तिला धरतात. मात्र डायल गेज लावून ती किती डोलते ते मोजा, आणि जास्त असेल तर चकती हबवर एक-एक भोक फिरवून पाहा, नाहीतर मागे पातळ शिम द्या. दुसरी चिठ्ठी मघाच्या प्रश्नाची आहे : मूळ चकती, रिव्हेट उडवलेले, खूण करून तिथेच परत बसवलेली, तिला काय म्हणायचं? मी तिला मूळ म्हणेन, आणि त्याच वाक्यात रिव्हेट उडवल्याचं सांगेन. परीक्षकाने गुण कापले तर कापू द्या.