शेंदराखालचे लोखंड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे मामूंचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढेच. चार खांबांवर पत्रे आणि खाली मातीची जमीन. १९८०च्या आसपासची ही गोष्ट. विहिरीवरची ऑइल इंजिने बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिथे दुरुस्तीला येत. मे महिन्याच्या सुटीत मीही तिथेच असे आणि माझ्याकडे एकच काम होते, गंज काढणे.

नट, बोल्ट, झाकणे रात्रभर रॉकेलच्या घमेल्यात भिजत ठेवायची. सकाळी तारेचा ब्रश घेऊन बसायचे. गंजाने जिथे खड्डे पडलेले असत तिथे हॅकसॉच्या मोडक्या पात्याचे टोक घालून कोरायचे. मग पॉलिश पेपर, मग धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी, कारण तेलाचा अंश राहिला की रंग धरत नाही. मग ऊन. हे सगळे दोन-तीन दिवस चाले. वरचा हिरवा रंग मारायला मात्र अर्धा तास पुरे होई. गिऱ्हाईक घाईला आलेले असे. ‘मिस्त्री, मारा की रंग आणि द्या,’ म्हणे. मामू बिडी विझवत मला म्हणत, ‘पहले लोहे को सूखने दे बेटा, रंग कहीं भागता नई.’

सगळ्याच भागांना रंग लागत नाही, हेही तिथेच कळले. दट्ट्या, क्रँक, बेअरिंग यांना तेल हाच रंग. सायलेन्सरला साधा रंग दिला तर पहिल्याच दिवशी जळून पोपडे निघतात, म्हणून त्याला चांदी, म्हणजे ॲल्युमिनियमचा रंग. उरलेल्या बिडाच्या अंगाला आधी शेंदूर. होय, मारुतीला लावतात तोच. जवसाच्या तेलात कालवलेला दाट शेंदूर ब्रशने चोपायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

आता लोखंडावर हा उपचार का करावा लागतो? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो, सुटतो, पापुद्रे होऊन गळतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. तांब्याचा हिरवा थर तांब्याला धरून बसतो. लोखंडाचा गंज धरून बसत नाही. गंजावरच रंग मारला तर तो रंग लोखंडाला चिकटतच नाही, सुटू पाहणाऱ्या पापुद्र्याला चिकटतो. आत ओल अडकते आणि झाकणाखाली काम चालूच राहते.

हे आमच्या घराने पैसे मोजून शिकले. अब्बांनी एकदा जिल्ह्याच्या गावाहून जुने इंजिन आणले. विकणाऱ्याचे नाव घेत नाही. इंजिन हिरवेगार, आरशासारखे. मामूंना विचारायला हवे होते, पण मेहुण्याला काय विचारायचे, असा थोडा मान आडवा आला असावा. चैत्रात इंजिनातले तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले. मामू आले. सिलिंडरभोवती थंडाव्यासाठी पाणी खेळवण्याची पोकळी असते, मिस्त्री तिला जॅकेट म्हणतात. विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे त्यातून जाते आणि आतून गंज धरतो. तिथे कुणाचा ब्रश पोचत नाही. मामूंनी बाहेरून नखाने रंग खरवडला. रंगाखाली लांबी भरलेली, लांबीखाली चीर आणि चिरेत गंज. आतल्या भिंतीचीही तीच गत होती आणि तिथूनच पाणी तेलात उतरत होते. त्या वर्षी उन्हाळी कांदा जागेवर वाळला. दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो म्हणतात. लोखंडाला फासला की त्याचे इंजिन होतेच असे नाही.

मामूंची ही विद्या मात्र फार जुनी. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी याने लोखंड गंजू नये म्हणून लावायच्या वस्तू नोंदवून ठेवल्या आहेत : शिशाचा सफेदा, जिप्सम आणि पातळ डांबर. म्हणजे शिशाची आणि लोखंडाची गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच पडलेली होती. शिसे वितळवून हवेत भाजले की आधी पिवळसर मुर्दाडशिंग तयार होते, ते आणखी भाजले की नारिंगी-लाल शेंदूर. युरोपात त्याला मिनियम म्हणत. हस्तलिखितांतली आद्याक्षरे आणि चित्रे या मिनियमने रंगवत, त्यावरूनच मिनिएचर हा शब्द आला. आपल्याकडच्या लघुचित्रांतही शेंदूर आहे. पोथीच्या पानावर, मारुतीच्या अंगावर आणि पंपाच्या बुडाशी एकच पदार्थ आहे, हे लक्षात आल्यावर मला बरेच दिवस गंमत वाटत राहिली.

शेंदराचा गुण नुसता झाकण्याचा नाही. जवसाच्या तेलातील आम्लांशी त्याची क्रिया होऊन शिशाचा एक प्रकारचा साबण तयार होतो आणि तो लोखंड गंजण्याची क्रियाच रोखतो. एकोणिसाव्या शतकात लोखंडी पूल, जहाजे आणि वाफेची इंजिने आली, तेव्हा या गुणाला सोन्याचे मोल आले. त्या काळी रेल्वेचे इंजिन रंगवणे म्हणजे मोठेच काम. शिशाच्या रंगाचे अस्तर, खाचा बुजवायला लांबी, मग प्युमिस दगडाने घासाई, मग रंगाचे हात आणि शेवटी वार्निशाचे थर. एके काळी दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाची शान असलेले ‘फेअरी क्वीन’ इंजिन १८५५मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात तयार झाले. १९०९मध्ये ते निवृत्त झाले आणि १९९७मध्ये पुन्हा रुळावर धावले. त्याच्या रंगाचे फोटो सगळ्यांनी काढले. त्या रंगाखाली ज्यांनी ब्रश चालवला, त्यांचे फोटो माझ्या पाहण्यात नाहीत.

शेंदराला पर्याय निघाला तो वेगळ्याच दिशेने. गंज नुसता खरवडण्याऐवजी लोखंडाचा वरचा थरच बदलून टाकला तर? इंग्लंडमध्ये १८६९मध्ये रॉस नावाच्या गृहस्थाने लाल तापलेले लोखंड फॉस्फरिक ॲसिडमध्ये बुडवण्याचे पेटंट घेतले. १९०६मध्ये टॉमस वॉट्स कॉस्लेटने सौम्य फॉस्फरिक ॲसिडमध्ये लोखंडाचा कीस टाकून त्यात यंत्राचे भाग बुडवण्याची रीत शोधली. भागावर राखाडी-काळा, घट्ट धरून बसणारा थर येतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि रंगाला छान पकडतो. पुढे अमेरिकेत डेट्रॉइटला १९१५मध्ये पार्कर यांची कंपनी याच कामासाठी निघाली. मोटारीच्या कारखान्यांत रंगाआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवण्याची पद्धत तिथून रुजली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ‘गंज काढण्याच्या पाण्या’तही बहुधा हेच ॲसिड असते.

आणि आता दिल्लीचाच दुसरा दाखला. कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. उंची सुमारे ७ मीटर, वजन ६ टनांहून अधिक. तो का गंजत नाही यावर नाना तर्क झाले. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम (यांचे २००९मध्ये निधन झाले) यांनी दाखवले की, जुने लोहार भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे धातुकातला फॉस्फरस लोखंडातच राहिला. हवेशी झालेल्या क्रियेतून त्याचा लोह-फॉस्फेटचा बारीक थर शतकानुशतके तयार होत गेला आणि त्याने लोखंड झाकून धरले. कॉस्लेटने काही तासांत घडवलेली गोष्ट तिथे हवेने सावकाश घडवली. गंज तिथे नाहीच असेही नाही. १९६१मध्ये स्तंभाचा जमिनीत पुरलेला भाग उकरला तेव्हा त्यावर गंज सापडला. त्या भागाला मग शिशाचा पत्रा लावण्यात आला. पुन्हा शिसेच!

आणखी एक उपाय मला कवी म्हणून जवळचा वाटतो. वस्तुसंग्रहालयांत जुन्या लोखंडी वस्तूंना टॅनिक ॲसिड लावतात. गंजाशी त्याची क्रिया होऊन निळसर काळा थर बसतो. हिरड्यात आणि माजूफळात हेच टॅनिन असते. माजूफळ आणि लोखंडाचा क्षार यांपासूनच शेकडो वर्षे युरोपात शाई बनत होती. म्हणजे गंजलेल्या तोफेवर संग्रहालयाचा माणूस ब्रश फिरवतो, तेव्हा तो तिच्यावर शाईच बनवत असतो. असो.

मूळ विषय शेंदराचा. शिसे विषारी आहे, हे रोमनांनाही ठाऊक होते. १८४०मध्ये लंडनच्या हेन्री बर्टन या डॉक्टरांनी शिशाची बाधा झालेल्यांच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसते, हे नोंदवले. रंगाऱ्यांच्या पोटात कळा येत, मनगट लुळे पडे. १९२१मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने सफेद्याविरुद्ध करार केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात तो वापरू नये आणि १८ वर्षांखालील मुलांना व स्त्रियांना कारखान्यातील त्याच्या रंगकामाला लावू नये, असे त्यात ठरले. पण तो करार सफेद्याचा. लोखंडावरच्या शेंदराकडे तेव्हा फारसे कुणी पाहिले नाही. आपल्याकडे २०१६च्या नियमांनी रंगातले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर आणले, तेही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते.

मामू शेंदराचे हात रॉकेलने पुसत आणि त्याच हातांनी भाकरी मोडत. मीही. बोटांच्या पेरांत तो लाल रंग जुम्म्यापर्यंत राही, वजू करताना घासून काढावा लागे. पन्नाशीत त्यांना पोटात कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, मग गॅसचे. पुढे उजवा हात मनगटातून झुकू लागला, पाना धरवेना. ते शेंदरामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. रक्त कुणी तपासलेच नाही.

मामूंच्या पुढच्या पिढीने शेंदूर सोडला, रेड ऑक्साइड प्रायमर घेतला. तो स्वस्त आणि झटपट वाळणारा. त्यातला लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, आपली घरोघरची काव. गंज रोखायला गंजाचाच भाऊबंद! शिशाचे भय गेले, पण बऱ्याच डब्यांत गंजविरोधासाठी झिंक क्रोमेट असे, आणि ते कर्करोगकारक.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. स्टँडमागे आता भंगाराचे दुकान आहे. विजेच्या मोटारी आल्यापासून विहिरीवरची जुनी इंजिने किलोवर जातात. एक मुलगा, असेल सोळा-सतराचा, इंजिनाच्या बुडावर ग्राइंडर चालवत होता. हिरवा रंग उडाला, त्याखालचा करडा उडाला, मग नारिंगी-लाल धूळ उठली आणि त्याच्या भुवयांवर बसली. तोंडाला काही नव्हते. मी त्याला थांबवले आणि खिशातला रुमाल दिला. त्याने तो घेऊन घाम पुसला, गळ्यात अडकवला आणि पुन्हा बटण दाबले.