एका छपराखालच्या दोन गती

खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावातील विणकरांचा मुलूख. तेथे एकाच छपराखाली जुना संथ माग आणि नवा जलद माग शेजारी शेजारी चालले, तरी जुन्यामुळे नव्याचा धोटा मंदावत नाही. मात्र दोन्ही मागांवर एकाच जोडीची लुगडी लावली आणि जोडी पुरी झाल्यावाचून माल द्यावयाचा नाही असे ठरले, तर जलद मागाच्या धन्यालाही थांबून राहावे लागते. एका संगणकात निरनिराळ्या गतींच्या हार्ड डिस्क बसवाव्यात की नाही, या प्रश्नाचे मर्म याहून फारसे वेगळे नाही.

या तबकडीचा जन्म १९५६ सालचा. आय.बी.एम.च्या रामॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर मिनिटाला १२०० फेरे घेत. एवढा बोजा सांभाळून साठा काय, तर ५० लाख अक्षरे! हवी ती नोंद हाती येण्यास सरासरी सहा दशांश सेकंद लागत.

पुढे १९६४ साली त्याच कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्या मोठ्या यंत्रांना एकाच वेळी चुंबकीय ढोल आणि तबकड्या जोडता येत. ढोल सेकंदाला सुमारे १२ लाख अक्षरे देई, तर तबकडी जेमतेम दीड लाख. ढोल जलद खरा, पण महाग. म्हणून घडोघडी लागणारा मजकूर ढोलावर आणि बाकीचा पसारा तबकड्यांवर, अशी वाटणी होई. भिन्न गतींचा हा संसार नाइलाजाने थाटलेला नव्हता. ती जाणून केलेली योजना होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सी.डी.सी. ३६०० या बलाढ्य यंत्राच्या जोडीलाही १६०-ए हे लहान यंत्र होतेच.

घरगुती संगणकाच्या काळात गतीची चढाओढ लागली. १९८० च्या सुमाराची छोटी तबकडी ३६०० फेरे घेई. १९९२ मध्ये ७२०० फेऱ्यांची आली, २००० मध्ये १५,००० फेऱ्यांची. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. ५४०० फेऱ्यांच्या तबकडीत त्याला ५.६ सहस्रांश सेकंद लागतात, ७२०० च्या तबकडीत ४.२. हा फरक लहान दिसतो. पण हजारो बारीक फाइली उघडताना तोच जाणवतो.

मग 'संथ डिस्कमुळे जलद डिस्क मंदावते' हा समज आला कोठून? तो निराधार नव्हता. जुन्या रुंद पट्टीच्या तारेवर दोन डिस्क असत आणि एका वेळी एकीनेच बोलावयाचे असे. आरंभीच्या काही नियंत्रकांत तर संथ डिस्कचाच ताल दोघींना धरावा लागे. २००३ च्या सुमारास प्रत्येक डिस्कला स्वतंत्र तार देणारी साटा पद्धत बाजारात आली आणि हे कारण सरले. समज तेवढा उरला.

आता जोडीच्या लुगड्यांची गोष्ट. १९८८ साली बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याची 'रेड' ही कल्पना मांडली. मजकूर तुकड्यांनी वाटून ठेवा किंवा त्याच्या दोन प्रती लिहा. लेखन पुरे झाले असे म्हणावयाचे ते शेवटची डिस्क लिहून झाल्यावरच. येथे मात्र संथ डिस्क साऱ्यांना आपल्या पावलाने चालावयास लावते. शिवाय आकार असमान असतील, तर मोठीतील उरलेली जागा बहुधा वाया जाते.

म्हणून कार्यालयातील वा शाळेतील जुन्या संगणकात नवी जलद डिस्क घातली, म्हणून जुनी काढून टाकण्याचे कारण नाही. संगणकाची मूळ कार्यप्रणाली व रोजचे काम नवीवर ठेवावे. छायाचित्रे, जुने दाखले, निकालपत्रके जुनीवर. जुनीचा खरा दोष तिची गती नसून तिचे वय आहे. तिच्यावरील प्रत्येक दाखल्याची दुसरी प्रत अन्यत्र असली पाहिजे. कारण संथ डिस्क उशिरा का होईना उत्तर देते, बंद पडलेली देत नाही.