शिळी भाकर : कुणाच्या दारची?

माझी नात दहा वर्षांची. सुट्टीला गावाकडं आली की मी तिला एकेक काम शिकवतो. औंदा स्वयंपाक शिकवायला घेतला. सुरुवात शिऱ्यानं नाही केली, की पोळीनंही नाही. दुरडीत रातच्या चार भाकरी होत्या, पातेल्यात वाटीभर वरण. म्हटलं, यातून पाच माणसांचं जेवण कर.

पोरीनं नाक मुरडलं. "आजोबा, हे शिळं आहे."

शिळं! हा शब्द आमच्या घरात साधा नाही. इतिहासाची पुस्तकं किल्ल्यांचा आणि तहांचा हिशेब ठेवतात, भाकरीच्या तुकड्याचा ठेवत नाहीत. तो आपला आपणच मांडावा लागतो. म्हणून हे लिहितोय.

माझा आजा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावचा महार. घराची पाळी आली की येसकर. वेस राखायची, सरकारी माणसाच्या पुढं पळायचं, मयताचा सांगावा गावोगाव न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. एवढ्याचं मोल काय? हाडकीचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि सांजच्याला दारोदारची भाकर. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडं. "येसकराला भाकर वाढा, माय!" दारातली बाई अंगाला अंग लागू नये म्हणून वरनंच टाकायची. कुठं सकाळची, कुठं कालची, कुठं ताटात उरलेली. कोरड्यास सगळं एकाच गाडग्यात : आमटी, कढी, भाजी, सणाचं गोडसुद्धा. घरी आल्यावर आजी त्याला उकळी आणायची, भाकरी कुस्करायची, वाटण्या करायची. उरल्यासुरल्यातनं चवीचं कसं करावं, हे तिला कुणी कौतुकानं शिकवलं नव्हतं. गावाचं उरलेलं हीच आमची मजुरी होती, त्या मजुरीनं तिला शिकवलं.

मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. तिथून लोक चवदार तळ्यावर गेले, हे आपल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आणखी सांगितलं होतं : मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांपायी माणुसकी विकू नका. पाण्याची आठवण राहिली, भाकरीची मागं पडली. पुढं १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाचा कायदा बदलायचं बिल आणलं. बलुत्याच्या जागी रोख पैसा मिळावा, वतनाच्या जोखडातनं सुटता यावं, हा त्यातला मुद्दा. ते बिल तडीस गेलं नाही. वतनं कायद्यानं संपवायला १९५८ साल उजाडावं लागलं.

आजानं कायद्याची वाट बघितली नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली. ती बातमी वाड्यात आली त्याच आठवड्यात त्यानं येसकराची काठी आढ्याला खोचली. गावानं कामावर बोलावणं बंद केलं. घरात उपास घडले. आजी पुढं सांगायची, "उपास घडलं, पर पदर न्हाई पसरला." तेव्हापासनं आजा शिळं म्हटलं की ताट सारायचा. घरचं असलं तरी.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मी नऊ वर्षांचा. आय-बा दोघंही खडी फोडायला. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी. तिची भाकर दुसऱ्या दिवशी खापरासारखी. मागं आम्ही तीन भावंडं आणि आजा. एका पहाटे आयनं डोक्यावर पाटी घेता घेता मला शिकवलं :

"तीन भाकरी हायती. बारीक चुर. गाडग्यात पानी तापव, तिखटमीठ टाक, लसून ठेचून टाक. उकळी फुटली की मग चुरा सोड. आदी सोडशील तर लगदा हुईल. आन् आज्याला पैल्यांदा वाढ."

मी केलं. धूर डोळ्यांत गेला, मीठ जास्त पडलं. आजापुढं थाळी ठेवली. त्यानं वास घेतला. म्हणाला, "कुठली रं ही भाकर?"

"आपलीच हाय. रातची. आयनं भाजल्याली."

"कुनी दिली न्हाई?"

"न्हाई."

तो बराच वेळ थाळीकडं बघत बसला. मग जेवला. खारट म्हणालासुद्धा नाही. सोळा वर्षांनी माझा आजा शिळं जेवला. त्याचं भांडण शिळेपणाशी नव्हतं, दाराशी होतं. हे मला कळायला मात्र पुढं किती वर्षं गेली.

नातीला मी आधी हात धुवायला लावलं, मग पारख शिकवली. वास घे. आंबूस आला, बोटाला तार आली, बुरशीचा ठिपका दिसला, तर फेकायचं. गरीब असलो तरी फेकायचं. उन्हाळ्यात रातभर बाहेर राहिलेला भात खायचा नाही. मग चुरा. भाकर कोरडी असेल तर पाण्याचा शिपका. तेलात मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, कांदा लाल होऊ दे, हळद-तिखट, मग चुरा. झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा. वरनं शेंगदाण्याचा कूट. वरणात तीन वाट्या पाणी, वेगळी फोडणी, चांगलं खळखळ उकळायचं. पाणी वाढवलं की मीठ पुन्हा चाखायचं. माझी चूक तिनं करू नये.

तिनं केलं. पाच ताटं झाली. मग मी तिला काठीची गोष्ट सांगितली.

सूनबाई रागावली. "मामा, तिला हे कशाला? रेसिपी शिकवा नुसती. शाळेत बोलून बसंल." तिचंही खोटं नाही. लहानपणी तिच्या डब्याला शाळेत नावं ठेवली गेली होती, ती ते विसरली नाही. पोरीला ते ओझं नको, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हणालो, गावानं आपल्या दारची गोष्ट सोयीनं विसरली. आपणही विसरलो तर पोरगी समजंल की शिळी भाकर म्हणजे नुसती काटकसर.

'बलुतं' १९७८ साली आलं, शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली. आपल्या भाकरीचं लिहिणं थोडंथोडं होतंय. पण घरोघरच्या आज्या चालल्यात. त्यांची गाडगी कोण लिहिणार?

नात वही घेऊन बसली. चार भाकरी, एक कांदा, सहा पाकळ्या लसूण, सगळं उतरवलं. मग पेन्सिल चावत म्हणाली, "आजोबा, काम ताजं करून घ्यायचे ना? मग भाकर ताजी का नाही द्यायचे?"

मी म्हटलं, हेही लिही. तिनं फोडणीच्या खाली लिहिलंय. उत्तराची जागा कोरी आहे. ती गावानं भरायची आहे.