रिकामी बिळे : भिंगरी हिवाळ्यात जाते कुठे?

१/७
मार्च १७८८. इंग्लंडमधील वेव्हर्ली येथे एक गृहस्थ वाळूच्या दरडीतील बिळे खणून पाहत होते. ती सँड मार्टिन या लहानशा भिंगरीची बिळे. हिवाळी झोपेतून जाग्या होणाऱ्या भिंगऱ्या आत सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

२/७
ही अपेक्षा वेडगळ नव्हती. भिंगऱ्या शरदात नाहीशा होतात आणि वसंतात परततात, एवढेच लोकांना दिसत असे. १५५५ मध्ये स्वीडनचे धर्मगुरू ओलाउस माग्नुस यांनी लिहिले, की कोळ्यांच्या जाळ्यांत पाण्याखालून भिंगऱ्यांचे पुंजके येतात. दोनशे वर्षांनी लिनियससारख्या शास्त्रज्ञालाही हे मान्य होते.

३/७
सँड मार्टिनवर संशय अधिकच. नदीकाठच्या दरडीत ती चोचीने व नखांनी सुमारे दोन फूट लांबीचे बीळ कोरते आणि त्याच्या टोकाशी गवत-पिसांचे घरटे करते. उन्हाळाभर जमिनीच्या पोटात नांदणारा पक्षी हिवाळ्यातही तिथेच निजत असावा, हा तर्क स्वाभाविक होता.

४/७
वेव्हर्लीची हकीकत सेलबर्नचे निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी नोंदवून ठेवली. सुमारे डझनभर बिळे उघडली गेली. जुनी घरटी मिळाली. निद्रिस्त पक्षी एकही नाही. पूर्वी दुसऱ्या एकाने घेतलेला शोधही असाच निष्फळ ठरला होता.

५/७
तरीही एप्रिल १७९३ मध्ये, बिळांपाशी काही भिंगऱ्या दिसल्याचे एका मजुराकडून कळताच, व्हाइट यांनी अनुमान काढले : हे पक्षी तेथून जातच नसावेत, कड्यांच्या कपारींत दडत असावेत. त्याच जूनमध्ये ते निवर्तले.

६/७
हा केवळ हट्ट नव्हता. जिब्राल्टरला असलेल्या त्यांच्या भावाने समुद्रधुनी ओलांडणाऱ्या भिंगऱ्या पाहिल्या होत्या. स्थलांतर व्हाइट यांनी सरसकट नाकारले नव्हते. परंतु रिकामे बीळ ‘पक्षी येथे नाही’ एवढेच सांगते. तो कोठे आहे, हे सांगत नाही.

७/७
ते उत्तर पायातील कड्याने दिले. १८९९ मध्ये डेन्मार्कचे शिक्षक मॉर्टेनसेन यांनी पक्ष्यांना क्रमांकित ॲल्युमिनियमची कडी घालण्यास आरंभ केला. १९११ मध्ये इंग्लंडात कडे चढवलेली एक भिंगरी (ही सँड मार्टिनची भाऊबंद, घरांच्या आश्रयाने राहणारी) डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. युरोपातील सँड मार्टिनही सहाराच्या दक्षिणेस हिवाळा काढते, हे आज ज्ञात आहे. जुनी समजूत नुसत्या अभावाने ढळत नाही; तिची जागा घेणारा पुरावा हाती यावा लागतो. येथे त्यासाठी सव्वाशे वर्षे लागली.